मधुमेहात त्वचेचा त्रास: ई-संजीवनीवर डॉक्टरांना कसं दाखवायचं?

बोटांमधल्या चिखल्या, जांघेतली खाज, पुन्हापुन्हा येणारी गळवं. साखर चढलेली असली की हे मागे लागतंच. त्यासाठी घणसोलीहून वाशीचं किंवा वागळे इस्टेटहून कळव्याचं रुग्णालय गाठायचं, तर अर्धा दिवस रांगेत जातो. पहिला सल्ला केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ या ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवेवर मोफत मिळतो.

पात्रता म्हणाल, तर उत्पन्नाची अट नाही. मोबाइल क्रमांक टाका, ओटीपी भरा, नाव-वय-तक्रार लिहा, रिपोर्ट जोडा, टोकन घ्या. व्हिडिओवर बोलणं झालं की औषधाची चिठ्ठी फोनवरच येते. फोन जमत नसेल, तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथून तज्ज्ञांशी जोडून देण्याची सोय या सेवेत आहे. खरं तर मधुमेह्यांसाठी मला हाच मार्ग बरा वाटतो. तिथे साखर, बीपी तपासून होतं आणि पायाला कुणीतरी हात लावून बघतं. बधिर झालेला पाय कॅमेऱ्यात दिसत नाही.

हाताशी ठेवा: गेल्या तीन महिन्यांतला एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी), क्रिएटिनिनचा रिपोर्ट (काही औषधांचा डोस किडनी बघून ठरतो), चालू गोळ्या-इन्सुलिनची यादी, जुनी चिठ्ठी. आणि फोटो. हळदीचा लेप किंवा मलम आधी हलकेच पुसा. खिडकीच्या उजेडात एक फोटो लांबून, एक जवळून काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून; म्हणजे जखम केवढी ते कळतं. करंगळीच्या बाजूची बोटं फाकवून आतलाही घ्या, चिखल्या बहुतेक तिथेच दडतात. फिल्टर नको.

बोट काळं पडलं, जखमेला वास येतोय, लाली पसरतेय किंवा ताप आहे, तर टोकन घेत बसू नका. थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. दाखल व्हावं लागलं, तर राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत सामील असलेल्या (अंगीकृत) रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा. या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र ते योजनेतल्या ठरलेल्या उपचारांनाच.

त्वचेची चिठ्ठी साखरेच्या डॉक्टरांनाही दाखवा. स्टिरॉइडच्या गोळ्या लिहिल्या असतील तर त्याच दिवशी, कारण त्यांनी साखर उसळते. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनाही ती चिठ्ठी वाचू द्या. आणि केमिस्टने परस्पर दिलेलं ‘खाजेचं’ मलम आधी डॉक्टरांना दाखवा. त्यात स्टिरॉइड असलं, तर नायटा दबतो आणि मग दुप्पट पसरतो.