पाणी पडतं तिथेच गळतं असं नाही

आमच्या फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागे थारोळं दिसलं आणि घरात सगळ्यांनी निकाल देऊन टाकला, पंप गेला. म्हटलं थांबा, पाणी नेमकं कधी येतंय ते तर बघू.

मशीन बंद, आत पाणी नुसतं उभं आणि तरी ठिबकतंय, तर संशय खाली, कारण ड्रेन पंप (पाणी बाहेर टाकणारा) आणि त्याचा फिल्टर सगळ्यात तळाशी असतो आणि वरच्या पाण्याचा दाब त्यांच्यावर येतो. दाब तसा किरकोळच, 30 सेंटीमीटर पाणी म्हणजे जेमतेम 0.03 बार, पण फिल्टरच्या झाकणाच्या रबरी रिंगखाली एक केस अडकला तरी तेवढा पुरतो. पाणी सोडतानाच गळत असेल तर पंपाच्या पुढचा पाईप आणि क्लिप बघायची, तिथून पाणी मीटरभर वर चढवायचं म्हणजे दाब तिप्पट. आणि पाणी भरतानाच ओलं झालं तर बहुतेक वेळा पंप निर्दोष, मागचा इनलेट पाईप नाहीतर पावडरचा ट्रे तपासा.

गंमत म्हणजे पाणी फसवतं. थेंब पाईपच्या खालच्या बाजूला चिकटून सरकत जातो आणि सगळ्यात खालचा बिंदू आला की पडतो, म्हणून थेंबाच्या मागे न लागता पांढरा ओघळ शोधायचा, पाणी उडून जातं पण क्षार आणि साबण मागे राहतात. प्लग काढा, खाली परात ठेवा, पाणी काढून टाका, सगळं कोरडं पुसा, मग जोडांवर टिश्यू पेपर लावून ट्रेमधून हाताने परत पाणी ओता. पहिला कुठला कागद भिजतो ते टॉर्चने बघा.

आणि पंपाची बाजू घ्यायची तर, हल्लीच्या बऱ्याच पंपांत फिरणारं चुंबक बंद प्लास्टिकच्या डबीत असतं, बाहेरच्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र प्लास्टिकमधून आरपार जाऊन त्याला 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला 3000 फेरे फिरवतं, त्यामुळे दांडा बाहेर यायला भोकच नाही, मग तिथून गळणार काय? (ही मोटर कुठल्याही दिशेने सुरू होऊ शकते, म्हणून पंख्याची पाती सरळ!) जुन्या पंपांत मात्र दांड्याचं सील झिजायचं. बाकी डबीला तडा गेला असेल तर पंप बदलायलाच लागतो.

आमच्याकडे पांढरा ओघळ निघाला थेट पुढच्या फिल्टरपासून, बाल्कनीच्या फरशीला मागे उतार म्हणून थारोळं मागे. रिंगमधे युनिफॉर्मचा दोरा होता, बोटभर.