हृदयाच्या धमन्या महाधमनीला फुटत नाहीत!

बास्केटबॉलपटू पीट मॅराविच ५ जानेवारी १९८८ रोजी कॅलिफोर्नियात हौशी सामना खेळताना कोसळला आणि गेला. वय फक्त ४०. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये दहा हंगाम खेळलेल्या या माणसाच्या हृदयाला डावी करोनरी धमनी जन्मापासूनच नव्हती, हे शवविच्छेदनात कळलं.

करोनरी धमन्या हृदयाच्या स्नायूला रक्त देतात. महाधमनी म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त नेणारी सर्वांत मोठी धमनी. तिच्या मुळाशी तीन कप्पे असतात. त्यातल्या दोनांतून डावी आणि उजवी धमनी निघते, तिसरा कोराच. खोडाला फांदी फुटावी तशा त्या महाधमनीला फुटतात, असंच अभ्यासकही बराच काळ मानत होते. खरं तर त्या बाहेरून येऊन महाधमनीत शिरतात.

१९८९ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांनी लावा पक्ष्याच्या गर्भांचे पातळ काप घेतले आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी तेवढ्या रंगवल्या. धमनी फुटत असेल तर आधी महाधमनीच्या भिंतीला भोक दिसायला हवं, नळी नंतर. पण नुसतं भोक त्यांना कुठेच मिळालं नाही. जिथे भोक, तिथे बाहेरची वाहिनी आधीच येऊन भिडलेली! महाधमनीच्या मुळाभोवती केशवाहिन्यांचं एक कडं तयार होतं. त्यातून बरेच धागे भिंतीत घुसतात, त्यातले दोन टिकतात, रुंदावतात आणि त्यांच्याभोवती स्नायूचा थर चढतो. बाकीचे विरून जातात. या पेशी येतात कुठून? उंदरांवरच्या २०१० च्या अभ्यासाप्रमाणे त्यातल्या बऱ्याच पेशी मुळात शिरेच्या असतात. गर्भाच्या हृदयात रक्त आणणाऱ्या शिराकोशातून त्या निघतात, शिरेची ओळख टाकतात आणि धमनीच्या होतात. मला हे आजही थक्क करतं.

भलताच धागा टिकला, की घोळ होतो. डावी धमनी फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या फुप्फुसधमनीला जोडली गेली, तर बाळाच्या हृदयाला ऑक्सिजन कमी असलेलं रक्त मिळतं. ती महाधमनीच्या उजव्या कप्प्यात शिरून महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या मधून गेली, तर तिचं तोंड अनेकदा चिरेसारखं अरुंद असतं आणि जोरात धावताना रक्त कमी पडू शकतं.

स्पेनमधल्या मालागा विद्यापीठात सीरियन हॅमस्टरांमध्ये असे जन्मजात दोष वर्षानुवर्षं अभ्यासले गेले आहेत. रक्तवाहिन्यांत घट्ट होणारं रेझीन भरायचं, मांस विरघळवायचं. उरतो तो धमन्यांचा पोवळ्यासारखा साचा. याच हॅमस्टरांमध्ये, जनुकं जवळपास तंतोतंत सारखी असूनही, काहींच्या महाधमनीच्या झडपेला नेहमीच्या तीन पाकळ्या तर काहींच्या झडपेला दोनच, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे घडणीतला योगायोगही दोष घडवतो.

आपल्याकडे मात्र बाळाच्या हृदयात दोष निघाला, की आईलाच विचारतात, ग्रहणात काही चिरलंस का? हा प्रश्न क्रूर आहे आणि खोटाही. मूल खेळताना छातीत दुखतं म्हणालं किंवा धावता धावता बेशुद्ध पडलं, तर ‘ऊन लागलं’ म्हणून सोडू नका. हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करताना करोनरींची तोंडं कुठे आहेत, तेही बघायला सांगा.