एक अंश तिरपा

पुतण्याच्या साक्षगंधात अंगणात फोटो काढत होतो. काकांच्या कॅमेऱ्याचा चामडी पट्टा शिवणीतून उसवला आणि कॅमेरा कमरेच्या उंचीवरून थेट शहाबादी फरशीवर. उचलून पाहिला तर झाकणाच्या कोपऱ्याला पोचा, बाकी लेन्स शाबूत. बटण दाबलं, शटर उघडलं आणि मिटलं. म्हटलं, वाचला. उरलेला रोल त्याच्यावरच संपवला.

कॅमेरा याशिका मॅट-१२४जी. १९७० साली बाजारात आलेलं हे मॉडेल. एकावर एक दोन लेन्स, वरची बघायला आणि खालची फोटो काढायला. कॅमेरा पोटाशी धरून वरून दुधी काचेत डोकावायचं. रोलमध्ये बारा फोटो, प्रत्येक नेगेटिव्ह ५६ मिलिमीटरचा चौकोन. आर्वीकडच्या कितीतरी लग्नांचे अल्बम काकांनी याच्यावर केले.

रोल धुऊन आला आणि कोडं पडलं. पडल्यानंतरचे उन्हातले फोटो एकदम कडक, कोपऱ्यातल्या तुळशीचं पान न् पान दिसत होतं. पण संध्याकाळी घरात, खिडकीच्या उजेडात काढलेला घरच्यांचा फोटो विचित्र होता. मधोमध बसलेला नवरदेव स्पष्ट, रांगेच्या दोन्ही टोकांची माणसं धूसर. हात हलला म्हणावं तर नवरदेवही हलायला हवा होता. मग भिंग घेऊन बसलो. उजव्या टोकाची आत्याबाई धूसर, पण तिच्या मागच्या भिंतीवरच्या कालनिर्णयचे आकडे वाचता येत होते. डाव्या टोकाचा मामा धूसर, पण त्याच्या पुढ्यातल्या रिकाम्या खुर्चीच्या हाताची वीण स्वच्छ. म्हणजे फोकस गेलेला नव्हता, तो तिरपा बसला होता.

कॅमेऱ्यात लेन्स जिच्यावर बसवलेली असते ती पाटी आणि फिल्म समांतर असतात, म्हणून समोर एका सरळ रांगेत बसलेली माणसं एकदम फोकसमध्ये येतात. पाटी जराशी वळली की समोरचा स्पष्ट दिसणारा पडदाही वळतो, आणि पाटीपेक्षा कितीतरी जास्त वळतो. फिल्मचं प्रतल, लेन्सचं प्रतल आणि स्पष्ट दिसणारं प्रतल ही तिन्ही एका रेषेत मिळतात, असा हा नियम. थिओडोर शाइम्पफ्लूग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावानं तो ओळखला जातो. आकाशातून काढलेल्या फोटोंचा तिरपेपणा काढायच्या पद्धतीचं पेटंट त्यानं १९०४ मध्ये घेतलं. त्याला तिरपेपणा काढायचा होता, आमच्या फरशीनं तो घातला.

हिशोब करून पाहिला. पाटी एक अंश वळली असं धरलं, तर ८० मिलिमीटरची ही लेन्स तीन मीटरवर फोकस केल्यावर मधली माणसं तीन मीटरवरच स्पष्ट येतील. पण एका टोकाला फोकस पडेल सुमारे ३.८ मीटरवर आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २.५ मीटरवर. कालनिर्णय आणि खुर्ची, दोन्ही बरोबर तिथंच होते.

मग उन्हातल्या फोटोंत हे का दिसलं नाही? आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात १०० आयएसओच्या फिल्मवर (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश टिपायची क्षमता) एफ १६ ठेवून १/१२५ सेकंदानं फोटो काढला तरी पुरतो. एफ १६ म्हणजे लेन्सचं छिद्र ५ मिलिमीटर. घरात मी ते एफ ३.५ वर, म्हणजे जवळपास २३ मिलिमीटर उघडलं होतं. लेन्समधून निघालेला प्रकाश तिफणीच्या चाड्यासारखा निमुळता होत फिल्मवर टेकतो. रुंद तोंडाच्या चाड्याचं टोक अर्धा मिलिमीटर पुढंमागं झालं की फिल्मवर मोठा ठिपका पडतो, अरुंद चाड्याचा मात्र तेवढ्यानं लहानसाच. एक अंशाच्या तिरपेपणानं नेगेटिव्हच्या कडेला फोकस साधारण ०.४९ मिलिमीटर चुकतो. एफ ३.५ ला त्याचा ठिपका होतो ०.१४ मिलिमीटरचा, एफ १६ ला ०.०३ चा. या आकाराच्या नेगेटिव्हवर ०.०५ पर्यंतचा ठिपका डोळ्याला बिंदूच वाटतो. वैशाखातलं ऊन असंच पुष्कळ काही झाकून नेतं. बरं, फोकस जुळवताना आपण दुधी काचेच्या मधोमध बघतो, आणि मधे सगळं ठीकच होतं.

गावच्या बाजारात एक घड्याळजी बसतात. कॅमेरा त्यांच्यापुढं ठेवला. माझं शाइम्पफ्लूग-पुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "सर, हे वाकलं हाये, मोडलं नाही. वाकल्याले इलाज हाये जी."

पुढच्या पाटीचे स्क्रू चामड्यासारख्या आवरणाखाली लपलेले असतात. ते आवरण सोडवायला लोक हेअर ड्रायर वापरतात. आम्ही कॅमेरा पाच मिनिटं उन्हात ठेवला. मे महिना होता. गोंद आपोआप नरम झाला.

आत पाटीला धरून ठेवणारा एक हात किंचित आत गेलेला दिसला. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर नेला होता, लघुतम माप ०.१ मिलिमीटर. सहा सेंटिमीटर अंतरावरच्या दोन जागी पाटीची उंची मोजली, तर फरक १ मिलिमीटर. सहा सेंटिमीटरवर एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश. कालनिर्णयानं सांगितलेलं माप व्हर्निअरनं कबूल केलं, तेव्हा मला दहावीचा निकाल लागल्यासारखं झालं.

एवढ्याशा पडण्यानं धातू वाकावा कसा? कॅमेऱ्याचं वजन साधारण १.१ किलो, उंची ८० सेंटिमीटर. जमिनीला टेकताना वेग ताशी १४ किलोमीटर, म्हणजे सायकलीएवढा. मारतो तो वेग नव्हे, थांबायला मिळालेली जागा. पडलेली उंची भागिले थांबायचं अंतर, एवढं सोपं गणित. फरशीवर वस्तू मिलिमीटरभरात थांबली तर झटका गुरुत्वाच्या ८०० पट. शेणानं सारवलेल्या जमिनीनं आठ मिलिमीटर दिले तर तो १०० पटच. ओसरीला फरशी बसवायचा हट्ट माझाच होता, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही.

वाकलेला धातू सरळ करणं दिसतं तेवढं सोपं नाही. थोडा दाबला तर तो सोडताच पहिल्या जागी येतो, ही त्याची लवचीकता. मर्यादेपलीकडं दाबला की नव्या जागी राहतो, पण तेव्हाही थोडासा मागं फिरतोच. म्हणून हव्या त्या जागेच्या किंचित पुढं न्यावा लागतो. किती पुढं, हे हातालाच कळतं. आणि पुन्हा पुन्हा वाकवायची सोय नाही. दर वेळी धातू आतून कडक आणि ठिसूळ होत जातो. तांब्याची तार बऱ्याच वेळा इकडंतिकडं केली की तटकन तुटते, तसंच. घड्याळजींनी बाभळीचा ठोकळा टेकवला, चिमट्याला चिंधी गुंडाळली आणि एकदाच, सावकाश, दम धरून दाब दिला. व्हर्निअरनं मोजलं, फरक ०.३. आणखी एक हलका दाब. ०.१. "आता हात लावू नका," म्हणाले.

रात्री परीक्षा घेतली. मागचं दार उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, शटर बी वर धरून उघडं ठेवलं, छिद्र पूर्ण उघडलं आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा निशाण्यावर घेतला. एवढ्या लांबची वस्तू या लेन्सच्या लेखी अनंतावरच असते, फरक पडतो ०.०१३ मिलिमीटर. दिवा कागदावर टाचणीच्या टोकाएवढा उमटला. कॅमेरा हळूहळू वळवून तो डाव्या कडेला नेला, मग उजव्या कडेला. टोक टोकच राहिलं.

प्रकाश मोजणारा काटा मात्र त्या दिवसापासून हलत नाही. अशा काट्याची टोकं केसाएवढ्या टेकूंवर फिरतात, ८०० पटीचा झटका त्यांना कुठला सोसायला. झाकणाचा पोचाही तसाच ठेवला.

घड्याळजींनी मजुरी सांगितली नाही, त्यांना दुकानाचा फोटो हवा होता. दुकानात उजेड बेताचाच, त्यामुळे एफ ३.५ शिवाय गत्यंतर नव्हतं. मधे ते स्वतः, मागं भिंतीवर घड्याळांची रांग. रोल धुऊन आल्यावर फोकस भिंतीवर गेल्याचं दिसलं, घड्याळजी जरा मऊ आलेत. डाव्या टोकाच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालीत, उजव्या टोकाचं बंद घड्याळ पावणेचारवर थांबलंय, आणि दोन्हीकडचे सेकंदकाटे नीट दिसतात. फोटो हातात घेऊन त्यांनी बोट आधी त्या बंद घड्याळावरच ठेवलं. "याचं गिऱ्हाईक दोन वर्षांपासून आलं नाही जी."