थेट कर्ज आणि हमीकर्ज: अमेरिकेतील नवशेतकऱ्यासाठीच्या दोन सरकारी योजना

अमेरिकेत नव्याने शेती करू पाहणाऱ्याला सरकार कर्ज देते, असे मोघमपणे नेहमी सांगितले जाते. त्यात खोटे काही नाही, मात्र दोन अगदी निराळ्या व्यवस्था त्यात एकत्र होऊन जातात. एका व्यवस्थेत सरकार स्वतः कर्ज देते आणि स्वतःच वसूल करते. दुसरीत कर्ज बँक देते आणि ते बुडाले तर बँकेच्या नुकसानीचा मोठा हिस्सा सरकार भरून देते. दोन्ही योजना अमेरिकेच्या कृषी खात्यातील फार्म सर्व्हिस एजन्सी, म्हणजेच एफएसए, चालवते. दोन्हींची माहिती काउंटीच्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, त्याच कार्यालयात मिळते आणि दोन्हींमध्ये नवशेतकऱ्यांसाठी निधीचा काही भाग राखीव असतो. त्यामुळे गल्लत होणे स्वाभाविक आहे, पण जमीन विकत घेण्याच्या बेतात असलेल्या माणसाला ती महागात पडू शकते.

नवशेतकरी कोणाला म्हणायचे, हे दोन्ही योजनांत सारखेच ठरते आणि त्याचा वयाशी काहीही संबंध नाही. ज्याने दहा वर्षांहून अधिक काळ शेत किंवा रँच, म्हणजे गुरे पाळण्याचे विस्तीर्ण कुरण, चालवलेले नाही आणि जो त्या कामात स्वतः भरीव सहभाग घेतो, तो नवशेतकरी. जमीनखरेदीसाठी कर्ज हवे असेल तर आणखी एक अट आहे: अर्जाच्या वेळी त्याच्या मालकीची शेतजमीन त्या काउंटीतील सरासरी शेताच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून शेळ्या पाळू लागलेला गृहस्थही या व्याख्येत बसतो. 2022 च्या कृषिगणनेत अमेरिकी शेतकऱ्यांचे सरासरी वय 58.1 वर्षे निघाले आणि दहा वर्षे किंवा त्याहून कमी अनुभव असलेल्यांचे प्रमाण सुमारे 30 टक्के होते. म्हणजे तिकडचा नवशेतकरी हा बहुतेक वेळा विशीतला पोरगा नसतो.

थेट कर्जात पैसा सरकारी तिजोरीतून येतो आणि अर्जाची छाननी काउंटी कार्यालयातील कर्ज अधिकारी करतो. जमीनखरेदीसाठी कमाल 6 लाख डॉलर आणि बियाणे, खते, अवजारे, जनावरे अशा खेळत्या भांडवलासाठी कमाल 4 लाख डॉलर, ही मर्यादा 2018 च्या फार्म बिलाने, म्हणजे शेतीविषयक व्यापक केंद्रीय कायद्याने, ठरवली. त्याआधी दोन्हींसाठी ती 3 लाख होती. जमिनीचे कर्ज चाळीस वर्षांपर्यंत फेडता येते, तर भांडवली कर्जाची मुदत वापरानुसार एक ते सात वर्षे असते. व्याजदर सरकारला स्वतःला ज्या दराने पैसा उभा करावा लागतो त्याच्याशी जोडलेला असतो आणि दर महिन्याला जाहीर होतो. खाजगी बँकेच्या दरापेक्षा तो साधारणपणे कमी पडतो.

सहा लाख डॉलर ऐकायला मोठे वाटतात, पण ते कोठे खर्च होणार यावर सारे अवलंबून आहे. 2024 मध्ये देशभरातील शेतीच्या स्थावर मालमत्तेचा सरासरी भाव एकरी 4,170 डॉलर होता. त्या हिशेबाने या रकमेत सुमारे 144 एकर येतात. त्याच वर्षी आयोवा राज्यातील शेतजमिनीचा सरासरी भाव, तेथील राज्य विद्यापीठाच्या पाहणीनुसार, एकरी 11,467 डॉलर होता आणि तेथे तीच रक्कम जेमतेम 52 एकरांवर संपते. देशातील शेताचा सरासरी आकार 463 एकर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मक्याच्या पट्ट्यात केवळ थेट कर्जावर शेत उभे करणे किती अवघड आहे ते कळते. भाजीपाला, फुले, मधमाश्या किंवा शेळीपालन अशा लहान उद्योगांसाठी मात्र याच योजनेतील 50 हजार डॉलरपर्यंतचे मायक्रोलोन पुष्कळ उपयोगी पडते. 2013 साली ते 35 हजारांच्या मर्यादेने सुरू झाले, त्यात कागदपत्रे कमी लागतात आणि अनुभवाच्या अटीही सैल आहेत.

थेट कर्जाची सर्वांत विचित्र वाटणारी अट अशी की, ते फक्त त्यालाच मिळते ज्याला इतरत्र वाजवी अटींवर कर्ज मिळत नाही. अर्जदाराची पत चांगली असली आणि बँक त्याला कर्ज द्यायला तयार असली, तर सरकारी कार्यालय त्याला परत पाठवते. तरीही ही गरिबांसाठीची मदत आहे असे समजू नये, कारण कर्ज फिटेल इतके उत्पन्न शेतीतून निघणार हे अर्जदाराला आकडेमोड करून दाखवावे लागते आणि तारणही द्यावे लागते. जमिनीच्या कर्जासाठी साधारणतः मागील दहा वर्षांपैकी तीन वर्षे शेतीच्या कामकाजात सहभाग असावा लागतो. शिक्षण, लष्करी सेवा किंवा व्यवस्थापनाचा अन्य अनुभव त्यातील काही काळाऐवजी धरता येतो. महाराष्ट्रातील वाचकाला हे थोडे उलटे वाटेल. आपल्याकडे शेतजमीन घेण्यापूर्वीच शेतकरी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अमेरिकेत जमीन घेताना सर्वसाधारणपणे तसा पुरावा कोणी मागत नाही, कर्ज घेताना मागतात.

आता हमीकर्जाकडे वळू. येथे अर्जदार बँकेकडे, क्रेडिट युनियनकडे (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेकडे) किंवा 1916 च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या फार्म क्रेडिट या सहकारी पतव्यवस्थेकडे जातो. कर्ज द्यायचे की नाही, किती आणि कोणत्या दराने, हे ती संस्थाच अर्जदाराशी बोलून ठरवते; एफएसए दरावर फक्त वरची मर्यादा घालते. हमीशिवाय हे कर्ज देणे आपल्याला परवडणारे नाही असे बँकेला वाटले, तर ती सरकारकडे हमी मागते. सरकार सहसा नुकसानीच्या 90 टक्क्यांपर्यंत आणि काही ठरावीक प्रकारांत 95 टक्क्यांपर्यंत हमी घेते. कर्जाची कमाल मर्यादा 2018 च्या कायद्यात 17.5 लाख डॉलर होती. महागाईच्या प्रमाणात ती दरवर्षी वाढते आणि आता 22 लाखांच्या पुढे गेली आहे. हमीच्या रकमेवर साधारण दीड टक्का शुल्क पडते आणि बँक ते बहुधा कर्जदाराच्याच माथी मारते.

पतसंस्थेच्या कर्जाला शेजारी जामीन राहतो, तेव्हा त्या जामिनामुळे निर्धास्त होते ती पतसंस्था. कर्जदाराच्या डोक्यावरचा बोजा रुपयानेही हलका होत नाही. अमेरिकी सरकारची हमी अगदी याच जातीची आहे. असे असूनही, सरकारची हमी असल्याने शेती फसली तर सरकार सांभाळून घेईल, अशी समजूत नव्या कर्जदारांत आढळते.

प्रत्यक्षात काय होते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहावे. समजा, हमीकर्जाची 4 लाख डॉलर बाकी असताना शेती बुडाली. बँकेने तारण विकले आणि खर्च वजा जाता 3 लाख हाती आले. उरलेल्या 1 लाखाच्या नुकसानीपोटी, हमी 90 टक्क्यांची असल्यास, सरकार बँकेला 90 हजार देते. येथे प्रकरण मिटत नाही. सरकारने बँकेला दिलेले हे 90 हजार आता शेतकऱ्याच्या नावे केंद्र सरकारचे देणे म्हणून लागतात आणि त्याला मिळणारा प्राप्तिकराचा परतावासुद्धा त्यात वळता करून घेता येतो. बँक बहुतांशी सुटते, शेतकरी मात्र एका सावकाराकडून दुसऱ्याकडे जातो.

थेट कर्जात हप्ता थकला तर चित्र वेगळे दिसते. सावकार सरकारच असल्यामुळे त्याला कायद्याने काही पायऱ्या पाळाव्या लागतात. थकबाकी 90 दिवसांची झाली की कर्जदाराला लेखी नोटीस जाते आणि तिच्यासोबत त्याच्यापुढचे पर्याय कळवले जातात: मुदत वाढवून हप्ते नव्याने बांधणे, व्याजदर कमी करणे, काही काळ वसुली पुढे ढकलणे आणि विशिष्ट परिस्थितीत कर्जाचा काही भाग कमी करणेही. ऐंशीच्या दशकात हजारो शेतकरी जमिनीला मुकले, त्या संकटानंतर 1987 च्या कायद्याने या तरतुदी आणल्या. आपल्याकडची सरसकट कर्जमाफी डोळ्यांपुढे ठेवून त्यांच्याकडे पाहू नये. प्रत्येक खात्याचा स्वतंत्र हिशेब मांडूनच निर्णय होतो. हमीकर्जातही बँक हप्ते नव्याने बांधून देऊ शकते, पण त्यात तिचे स्वतःचे गणित आधी येते. माझ्या मते दोन योजनांतला खरा फरक येथे आहे, व्याजदरात नाही. माहितीपत्रकात मात्र व्याजदर ठळक अक्षरांत असतो.

निर्णयाविरुद्ध दाद मागण्याच्या बाबतीतही हा फरक पुढे येतो. एफएसएने थेट कर्ज नाकारले तर अर्जदाराला 1994 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल अपील्स डिव्हिजनकडे जाता येते. बँकेने नकार दिला तर तो बँकेचा व्यावसायिक निर्णय ठरतो आणि या अपील यंत्रणेचा त्याच्याशी संबंध राहत नाही. याचा अर्थ सरकारी खिडकी नेहमीच न्यायाने वागली असा नव्हे. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची कर्जे डावलली गेली, उशिरा दिली गेली, या आरोपांवरून कृषी खात्यावर पिगफोर्ड नावाने ओळखला जाणारा सामूहिक दावा दाखल झाला आणि 1999 मध्ये सरकारला तडजोड करून भरपाई द्यावी लागली.

दोन्ही व्यवस्थांमधली सीमारेषा पुसट होते ती डाउन पेमेंट योजनेत, आणि गोंधळाचे मोठे कारणही तीच आहे. 1992 च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत खरेदीदार किमतीच्या किमान 5 टक्के स्वतः घालतो, एफएसए 45 टक्क्यांपर्यंत थेट कर्ज देते आणि उरलेली रक्कम बँक किंवा जमीन विकणारा मालक कर्जाऊ देतो. या तिसऱ्या भागावर पुन्हा सरकारी हमी असू शकते. म्हणजे 5 लाख डॉलरच्या शेतासाठी खरेदीदाराचे 25 हजार, सरकारचे 2 लाख 25 हजार आणि बँकेचे अडीच लाख. सरकारी भागाचा दर नेहमीच्या थेट कर्जापेक्षा 4 टक्क्यांनी कमी असतो, फक्त तो दीड टक्क्याच्या खाली जात नाही, आणि मुदत वीस वर्षे असते. मात्र 45 टक्क्यांचा हिशेब जास्तीत जास्त 6 लाख 67 हजारांवरच होतो. शेत 9 लाखांचे असेल तर सरकारकडून 3 लाख 150 डॉलरच मिळतात, स्वतःचे 45 हजार घालावे लागतात आणि बँकेकडून साडेपाच लाखांहून अधिक उचलावे लागतात. या एकाच व्यवहारात शेतकरी एका भागासाठी सरकारचा थेट ऋणको असतो आणि दुसऱ्या भागासाठी बँकेचा. दोन कर्जांचे नियम, दोन पत्ते आणि थकल्यावरचे दोन वेगळे मार्ग, असे सारे त्याला सांभाळावे लागते.

राखीव निधीचे प्रमाणही दोन्हीकडे वेगळे आहे. जमीनखरेदीच्या थेट कर्जासाठी मंजूर झालेल्या रकमेपैकी 75 टक्के आणि भांडवली थेट कर्जापैकी 50 टक्के नवशेतकऱ्यांसाठी राखलेले असतात. हमीकर्जात हे प्रमाण 40 टक्के आहे. अमेरिकेचे सरकारी आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. हमीचा राखीव भाग 1 एप्रिलपर्यंत वापरला गेला नाही तर तो इतरांना खुला होतो, थेट कर्जाचा मात्र 1 सप्टेंबरपर्यंत राखून ठेवतात.

थेट कर्ज कायमचे नसते, हेही आधी माहीत असलेले बरे. शेतकऱ्याची पत सुधारली की एफएसए त्याला व्यापारी बँकेकडे जाण्यास सांगते आणि तसे जाणे हे त्याच्यावर बंधनकारक असते. भांडवली थेट कर्ज साधारण सात वर्षेच घेता येते. बँकेकडे जाताना हीच हमी पुष्कळदा कामी येते, आणि म्हणूनच एखादा शेतकरी दहा वर्षांत दोन्ही योजनांमधून गेलेला दिसतो. अगदी नवख्या, तारण थोडे आणि अनुभव जेमतेम असलेल्या माणसाने थेट कर्जापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. घरची जमीन, नोकरी करणारा जोडीदार किंवा बँकेशी जुना व्यवहार असलेल्याला हमीकर्जाची वाट लवकर सापडते.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आणि एखादे लहानसे शेत घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी माणसांसाठी एक गोष्ट स्पष्ट असावी: एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला या दोन्ही योजनांचा लाभ मिळत नाही. नियमांनुसार अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो किंवा कायद्याने पात्र ठरलेला स्थायी रहिवासी. पात्र असलेल्याने थेट कर्जाचा अर्ज जरूर करावा. तो 2023 मध्ये 29 पानांवरून 13 पानांवर आणला गेला आहे. त्यासोबत जोडावा लागणारा उत्पन्न-खर्चाचा आराखडा मात्र सर्वांत जास्त वेळ खातो, आणि काउंटी कार्यालयातील अधिकारी तो भरायला मदत करतात.