फुकटातली जागा, पण किल्ली कोणाकडे?

फोनवर 'स्टोरेज फुल' असा मेसेज आला की आपण असे चिडतो जसं काही वडिलोपार्जित जमिनीवर कोणी कुंपण घातलंय. पण ही फुकटातल्या जागेची सवय फार जुनी नाहीये. २००४ च्या आधी हॉटमेल २ एमबी द्यायचं, याहू ४ एमबी, म्हणजे कोणी बायोडेटा आणि दोन फोटो पाठवले की पेटी भरली, मग सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून जुने मेल डिलीट करत बसायचं. १ एप्रिल २००४ ला गुगलने जीमेल काढलं आणि सरळ १ जीबी देतो म्हणाले, तारीख बघून बऱ्याच जणांना वाटलं एप्रिल फूल करतायत.

आणि भांडणही तिथंच सुरू झालं बरं का. जागा फुकट, पण मशीन तुमचे मेल चाळणार आणि त्यावरून जाहिराती दाखवणार. अमेरिकेतल्या प्रायव्हसीवाल्या संस्थांनी लगेच ओरड केली, आपण मात्र इन्व्हिटेशन कुठून मिळतंय ते शोधत होतो, कारण तेव्हा त्याशिवाय खातंच उघडता यायचं नाही. जाहिरातींसाठी मेल चाळणं बंद करतोय हे गुगलने जाहीर केलं ते थेट २०१७ मध्ये!

फाइली ठेवायची दुकानं वेगळी होती. याहूची ब्रीफकेस होती, ती २००९ मध्ये बंद पडली. मग रॅपिडशेअर, मेगाअपलोड, मीडियाफायर वगैरे, जिथं फुकट्यांना आकडे उलटे मोजत ताटकळायला लागायचं आणि नेमकं शून्यावर आल्यावर नेट जायचं. ठेवणारे बरेचसे दुसऱ्याचीच गाणी-सिनेमे ठेवायचे हे उघड होतं. जुलै २०११ मध्ये 'सिंघम' यायच्या वेळी निर्मात्यांनी दिल्ली हायकोर्टातून पायरसीविरुद्ध ऑर्डर आणली आणि काही इंटरनेट कंपन्यांनी एकेक लिंक बघत बसण्यापेक्षा अख्ख्या साइटच ब्लॉक केल्या, त्यात ज्यांच्या स्वतःच्या फाइली तिथं होत्या ते पण बाहेर.

पुढचा दणका मोठा होता. १९ जानेवारी २०१२ ला अमेरिकन सरकारने पायरसीच्याच आरोपावरून मेगाअपलोड बंद पाडलं. ओहायोत शाळांच्या मॅचेसचं शूटिंग करणारा एक माणूस होता, त्याचं सगळं काम तिथं ठेवलेलं, पैसे भरून ठेवलेलं, आणि घरातली हार्ड डिस्क त्याच सुमारास उडाली. स्वतःच्याच फाइली परत द्या म्हणून बिचारा कोर्टात गेला. मला वाटतं सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं, आणि इथं पैसे भरलेत की फुकट हा प्रश्नच उरत नाही.

मधल्या काळात ड्रॉपबॉक्स आलं होतं. त्याच्या संस्थापकाने, ड्रू ह्यूस्टनने, बोस्टनहून न्यूयॉर्कला जाताना पेन ड्राइव्ह घरी विसरला आणि बसमध्येच कोड लिहायला घेतला अशी गोष्ट सांगतात. २ जीबी फुकट, आणि मित्रांना आणलं की जास्त, म्हणून कॉलेजातली पोरं ओळखीपाळखीच्या सगळ्यांना लिंक पाठवत सुटायची. सोय खरंच भारी होती, इकडे सेव्ह केलं की तिकडे हजर. पण जून २०११ मध्ये एक अपडेट बिघडलं आणि साधारण चार तास कुठलाही पासवर्ड टाकला तरी कोणाचंही खातं उघडत होतं. म्हणजे फाइली कुलूपबंद होत्या, पण कुलूप पण कंपनीचं आणि किल्ली पण कंपनीचीच. तिथून खरा प्रश्न लोकांना कळायला लागला. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकेच्या हेरखात्याची कागदपत्रं बाहेर काढली आणि कंपन्यांकडचा लोकांचा डेटा सरकार बघतंय हे दिसलं, तेव्हा तर जास्तच.

त्याच वर्षी मेगाअपलोडवाल्या किम डॉटकॉमने 'मेगा' काढलं, ५० जीबी फुकट, आणि फाइल तुमच्याच मशीनवर कुलूपबंद होऊन वर जाणार, किल्ली तुमच्याकडे. ऐकायला छान. पण पासवर्ड विसरलात आणि 'रिकव्हरी की' म्हणजे अशा वेळी वापरायची जादा किल्ली पण जपून ठेवली नाही तर फाइली गेल्याच, कंपनीकडे रडून उपयोग नाही. शिवाय किल्ली तुमची म्हणजे आत काय आहे ते कंपनीला दिसत नाही, यात त्यांची पण सुटका होतीच ना!

उलट किल्ली कंपनीकडे असली की काय होतं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाला विचारा. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने आजारी पोराच्या गुप्तांगावरच्या सुजेचे फोटो काढले, डॉक्टरला दाखवायला हवे होते म्हणून. फोन आपोआप बॅकअप घेत होता, गुगलच्या मशीनला ते फोटो अत्याचाराचे वाटले, खातं बंद झालं. पोलिसांनी तपास करून गुन्हा नाही म्हणून सांगितलं तरी खातं परत मिळालं नाही, मेल, फोटो, गुगलकडूनच घेतलेला फोन नंबर, सगळं गेलं. मुलांच्या संरक्षणासाठी तपासणी हवीच, यात वाद नाही, पण चूक झाली तर दाद मागायला खिडकी कुठाय?

बाकी फुकटवाल्यांचा हात पुढं आखडतच गेला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये काही जण ७५ टीबीच्याही वर भरतायत म्हणून वनड्राइव्हवर पैसे भरणाऱ्यांचं अनलिमिटेड बंद करतोय आणि फुकटवाल्यांना १५ चे ५ जीबी करतोय असं जाहीर केलं, गुगल फोटोजचं अनलिमिटेड १ जून २०२१ ला संपलं, आणि डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली गुगलची खाती डिलीट होऊ शकतात. आपलं सरकारी डिजिलॉकर २०१५ मध्ये आलं पण त्याचं काम वेगळं, लायसन्स आणि मार्कशीट ती देणाऱ्या सरकारी खात्याकडून किंवा बोर्डाकडूनच थेट येतात, तिथं लग्नाचे व्हिडिओ ठेवायला कोणी जात नाही.

गुगलचे १५ जीबी मात्र २०१३ पासून तेवढेच आहेत, फोटो तेवढे जाडजूड झालेत. परवा आईच्या फोनवर तोच मेसेज आला, उघडून बघितलं तर निम्मी जागा सुप्रभातच्या गुलाबांनी आणि गणपतींनी खाल्लेली. गुलाब उडवले, गणपती उडवायला आई तयार नाही, म्हणून आता महिन्याला १३० रुपये भरतोय.