मध्यरेषा ओलांडायची, पण एकदाच

उजव्या हाताला बसलेला चटका मेंदूच्या डाव्या अर्ध्यात पोहोचतो, कारण काही चेतातंतू गर्भावस्थेतच मज्जारज्जूची मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेलेले असतात. वाढत्या तंतूचं टोक पसरट, सतत बोटं चाचपत राहणारं असतं. स्पॅनिश चेताशास्त्रज्ञ काहालने कोंबडीच्या गर्भात 1890 साली त्याचं वर्णन केलं होतं. रस्ता ठरवणारे ग्राही, म्हणजे बाहेरचे रेणू ओळखणारी प्रथिनं, याच टोकाच्या पटलात (पेशीच्या आवरणात) बसवलेले असतात.

त्यातला एक डीसीसी. बाहेरून नेट्रिन हे प्रथिन चिकटलं की डीसीसीचे रेणू एकत्र येतात. आतल्या बाजूला एफएके आणि सार्क ही विकरं कामाला लागतात, रॅक आणि सीडीसी-42 ही स्विचसारखी प्रथिनं चालू होतात आणि त्या बाजूला अ‍ॅक्टिनचे धागे, म्हणजे पेशीचा सांगाडा, भराभर रचले जातात. टोक तिकडे वळतं. पण म्हणून नेट्रिनला ‘आकर्षक’ म्हणून मोकळं होता येत नाही. डीसीसीच्या जोडीला अन्क-5 हा ग्राही असेल, तर तेच नेट्रिन तंतूला दूर ढकलतं. पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप पोहोचवणारं रसायन कमी केलं तरी तसंच होतं. बेडकाच्या चेतापेशींवर 1997 साली ते दिसलं.

मध्यरेषेवरच्या पेशी स्लिट हे प्रथिनही सोडतात. त्याचा ग्राही रोबो, आणि तो तंतूला मागे लोटतो. मग तंतू ओलांडतो कसा? फळमाशीत ‘कॉम’ हे प्रथिन नवा रोबो पटलापर्यंत पोहोचूच देत नाही, लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत, पाठवून तो मोडायला लावतं. मध्यरेषा पार झाली की कॉम बंद होतं, रोबो पृष्ठभागावर येतो आणि परतीची वाट बंद होते. रोबोच नसेल तर तंतू पुन्हा पुन्हा मध्यरेषा ओलांडत राहतात.

माणसात कॉम नाही. ओलांडण्यासाठी रोबोच्याच कुटुंबातला रोबो-3 लागतो. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर डोळे डावी-उजवीकडे वळत नाहीत आणि लहानपणापासून पाठीचा कणा वाकत जातो. डीसीसीची एकच प्रत बिघडली तरी काहींमध्ये एका हाताची हालचाल दुसरा हात आपोआप गिरवतो.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत मात्र दुरुस्ती हवी. मध्यरेषेवरून दूरवर पसरणारं नेट्रिन तंतूंना ओढतं, असं तिच्यात दाखवलेलं असतं. 2017 साली उंदरांत फक्त तिथलं नेट्रिन काढून टाकलं, तरी बहुतेक तंतू मध्यरेषेपर्यंत आले. वाटेतल्या मूळ पेशींनी बनवून कडेला साचवलेलं नेट्रिन त्यांना पुरलं होतं. नंतरच्या प्रयोगांत मध्यरेषेच्या नेट्रिनचाही वाटा दिसला, पण सगळं श्रेय त्याला देता येणार नाही.