सिनेमास्कोप घरात लहान का दिसतो?

पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात, मधल्या खोलीत, खिडकी आणि फडताळ यांच्यामध्ये बरोबर सहा फूट भिंत मोकळी आहे. तिच्यावर पांढरी चादर ताणून मी 16 मिमीच्या, म्हणजे 16 मिमी रुंद पट्टीच्या, फिल्म दाखवतो. परवा सिनेमास्कोपचं, म्हणजे खूप रुंद चित्राचं, रीळ लावलं, तर शेजारचा मुलगा म्हणाला, "काका, मागच्या वेळी पिक्चर मोठा होता. आज लहान का केलात?"

त्याचं बरोबरच होतं. आधीची फिल्म साध्या, म्हणजे चौकोनी चित्राची होती. तिची रुंदी उंचीच्या 1.33 पट. सहा फूट रुंदीला साडेचार फूट उंची मिळते. माझ्या 16 मिमीच्या सिनेमास्कोपचं, म्हणजे थोडक्यात स्कोपचं, चित्र उंचीच्या 2.66 पट रुंद, म्हणून त्याच सहा फुटांत उंची उरते सव्वादोन फूट. थिएटरात पडदा दोन्ही बाजूंना पसरवता येतो. माझ्या घरात खिडकी आणि फडताळ हलत नाहीत.

हे 1.33 आलं कुठून? फिल्मच्या भोकांवरून. 35 मिमी फिल्मच्या एका चित्राला कडेची चार भोकं, हे एडिसनच्या काळात ठरलं आणि चौकटीचा आकार त्याला बांधला गेला. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय मिळायची. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात गेलो की मला कॅमेऱ्याआधी ते यंत्रच आठवतं.

रुंद चित्र या जुन्या चौकटीत बसवायचं कसं, याची युक्ती आन्री क्रेतियां या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात काढली होती. तिच्या जोरावर 1953 मध्ये हॉलिवूडमध्ये सिनेमास्कोप आला. आपल्याकडे 'कागज़ के फूल' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट 1959 चा. साधं भिंग चित्र सगळ्या बाजूंना सारखं वाढवतं. क्रेतियांच्या युक्तीतलं खास भिंग दंडगोलाच्या आकाराच्या काचांचं असतं, त्यामुळे ते फक्त आडव्या दिशेने काम करतं. चित्रीकरणात दुप्पट रुंदीचं दृश्य दाबून चौकटीत बसवायचं, दाखवताना तसंच भिंग लावून पुन्हा पसरायचं.

त्या रात्री मी रीळ लावण्याआधी फिल्मचा तुकडा दिव्यासमोर धरून त्या मुलाला दाखवला. बोटाच्या नखाएवढ्या चौकटीत माणसं ताडासारखी उंच, आणि गाडीचं चाक उभ्या अंड्यासारखं. भिंग लावल्यावर चाक गोल झालं. पण भिंग जागेवर किंचित जरी फिरलं, तरी दारांच्या चौकटी कलतात आणि चेहरे तिरके ताणले जातात. मला ते सरळ करायला दर वेळी दहा मिनिटं लागतात. शिवाय दोन भिंगं, दोन फोकस.

मग एवढा खटाटोप न करता त्याच चित्रपटाची साधी प्रिंट का आणू नये? एकदा आणली होती. दोन माणसं टेबलाच्या दोन टोकांना बसून बोलत होती आणि मला दिसत होतं टेबल आणि एक नाक. थिएटरातल्या 35 मिमी स्कोपचं 2.35 पट रुंद दृश्य 1.33 मध्ये कापलं की जवळजवळ 43 टक्के चित्र जातं. उरलेल्या भागातही बोलणाऱ्याच्या मागेमागे चौकट इकडून तिकडे सरकवलेली असते. अशा सरकण्याचा मला मनापासून राग येतो, कारण ती हालचाल दिग्दर्शकाची नसते. वर-खाली काळे पट्टे ठेवून छापलेली प्रिंट प्रामाणिक असते, पण तिथे जेमतेम 10 मिमी रुंद चौकटीचाही बराच भाग काळा जातो आणि फिल्मचे कण भिंतीवर ठळक दिसतात.

उंचीच्या 1.85 पट रुंद चित्राचे काही चित्रपट मात्र उलटे. त्यांत कॅमेऱ्याने पूर्ण चौकट टिपलेली असते आणि थिएटरात वरचा-खालचा भाग झाकतात. त्यांच्या साध्या प्रिंटमध्ये चित्र कमी होत नाही, जास्तच दिसतं, कधी कधी छताजवळ लोंबणारा माइकसुद्धा.

म्हणून स्कोप आहे तसाच दाखवतो. प्रोजेक्टर जागचा हलवत नाही. फक्त 25 मिमीचं भिंग काढून 50 मिमीचं लावतो आणि त्यापुढे पसरवणारं भिंग. तोच उजेड निम्म्या जागेत पडतो, त्यामुळे काचांनी थोडा खाल्ला तरी चित्र उजळ दिसतं. आणि सगळ्यांना पुढे बोलावतो. चित्र किती मोठं वाटतं हे ते डोळ्यात किती कोन व्यापतं यावर ठरतं. उंची निम्मी झाली, तर अंतरही निम्मं करायचं. त्या मुलाला चादरीपासून पाच फुटांवर सतरंजीवर बसवलं. गाडी डावीकडून उजवीकडे गेली, तेव्हा त्याची मान तिच्याबरोबर वळली.